कंपाउंडरच्या हातावरचे पट्टे

त्यांचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत खारीच्या पाठीसारखा होता. एक पट्टा काळा, शेजारचा उजळ, त्याच्या पलीकडचा मधलाच. नवीन माणूस दवाखान्यात आला की आधी त्या हाताकडे बघायचा आणि मग आपल्या जनावराचं दुखणं सांगायचा. कुणाला वाटायचं भाजलं आहे, कुणाला वाटायचं कोड आहे. ते कुणालाच काही सांगत नसत. दुपारच्या सुट्टीत दवाखान्याच्या पायरीवर बसायचे, शर्टाची बाही वर सारायचे आणि हात गुडघ्यावर पालथा टाकून उन्हात धरायचे. उजव्या हातात कांदा असायचा. कांदा ते पेरूसारखा चावून खायचे.

दवाखाना जनावरांचा होता. तिसगावच्या बाजूला आमचं गाव, गावाच्या कडेला रस्ता, आणि रस्त्यालगत पत्र्याच्या दोन खोल्या. पुढे जनावर उभं करायचा लाकडी खोडा आणि एक लिंबाचं झाड. ते तिथे ड्रेसर होते, म्हणजे जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, मलम लावणं हे त्यांचं काम. सगळे त्यांना कंपाउंडर म्हणायचे. कुणी चुकून डॉक्टर म्हणालं तर ते हातातलं काम थांबवायचे.

"डाक्टर आठवड्यातून दोनदा येत्यात. मी रोज येतो, म्हणून मी डाक्टर न्हाई."

गाईला ते अक्का म्हणायचे आणि म्हशीला मावशी. त्यांच्याशी अहोजाहो करायचे. "अक्का, जरा सरका." "मावशी, आता थोडं दुखंल, रागवू नका." माणसांना मात्र सरळ "ए, शेपूट धर." एकदा एक मोठे बागायतदार चिडले. म्हणाले, "कंपाउंडर, गाईला अहो करता आन मला ए?"

"ती लाथ मारती," ते म्हणाले. "तुमी मारता का?"

खोड्याभोवती उभी असलेली माणसं हसली, बागायतदारही हसले. पण कंपाउंडर हसले नाहीत. त्यांनी शेपटाकडे बोट दाखवलं आणि बागायतदारांनी शेपूट धरलं.

मी त्यांच्याशी बोलायला फार दिवस घेतले. मला चार माणसांत बोलता येत नाही. लहानपणापासूनच येत नाही. दुकानात गेले तरी गर्दी सरेपर्यंत मी कडेला उभी राहते, आणि गर्दी सरली नाही तर तशीच परत येते. माझ्या नवऱ्याला हे माहीत असल्यामुळे बाहेरची कामं तोच करायचा. तो लोकांच्या शेतात कामाला जायचा. आमच्याकडे एक गाय होती, संकरित, काळी-पांढरी. आणि एक मुलगी होती, सुजाता.

सुजाता जन्मली तेव्हाच तिचे केस पांढरे होते. पापण्या पांढऱ्या, कातडी गुलाबी. उजेडाला डोळे मिटायची. रांगायला लागली तशी अंगणात जायची, आणि तासाभरात तिचे गाल आणि कान लाल व्हायचे, रात्री फोड यायचे. वस्तीतली पोरं तिला म्हातारी म्हणायची. मी तिला चुलीपाशी, कोपऱ्यात, पदराखाली असं करत वाढवली. आमच्या वस्तीवर चौथीपर्यंत शाळा होती, विहाराच्या शेजारीच, घरातून पन्नास पावलांवर. तिथे ती पुस्तक नाकाला लावून वाचायची आणि पहिला नंबर आणायची. पाचवीची शाळा पुढच्या गावात होती. अडीच मैल रस्ता, आणि रस्त्यात झाड म्हणून फक्त बाभळी.

मीही चौथीवरच थांबले होते, पुढची शाळा लांब म्हणूनच. त्यामुळे सुजाता चौथीत गेली तेव्हा पुढच्या वर्षी काय होणार ते मला माहीत होतं. ते फक्त कुणी बोलत नव्हतं.

त्या चैत्रात आमच्या गाईची कास सोलली. धारेला बसू देईना, लाथा झाडायला लागली. नवऱ्याने तिला दवाखान्यात नेली. शेपटामागे चालायला कुणी हवं म्हणून मी गेले, आणि सुजाताला घरी एकटी कशी ठेवायची म्हणून ती माझ्या पदराखाली आली.

त्यांनी गाय खोड्यात घेतली आणि कासेखाली हात घातला.

"अक्का, कुणी बांधलं तुमाला उन्हात?"

नवरा म्हणाला, "गोठा उघडा हाय सायब. दुपारनंतर ऊन आत येतं."

"ह्या अक्कांचं बेणं परदेशातलं. बेणं आणलं, तिथलं ऊन न्हाई आणलं संगट." त्यांनी डब्यातून पांढरं घट्ट मलम बोटावर घेतलं आणि कासेच्या गुलाबी भागावर थापायला लागले. "बघ, काळ्या कातड्याला काय झालंय का? न्हाई. पांढरं तेवढंच सोललंय. काळ्याची छत्री आतच असती. पांढऱ्याला भायेरून द्यावी लागती."

असं म्हणता म्हणता ते माझ्याकडे वळले, आणि माझ्या पदराखालून बाहेर आलेलं सुजाताचं तोंड त्यांना दिसलं. कानांच्या पाळीवर खपल्या होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग कासेकडे, मग परत तिच्याकडे. त्यांच्या मनात काय आलं ते मला लगेच कळलं. राग आला. माझ्या पोरीला हा माणूस गाईशेजारी उभी करून बघतो आहे.

"चल गं," मी सुजाताला म्हणाले.

"बाई, थांबा. कितवीत हाय?"

उत्तर नवऱ्याने दिलं. "चौथी. हुशार हाय. पण पुढं अडीच मैल जावं लागतं. फोड येत्यात तिला. बसल घरी."

त्यांनी मलमाच्या डब्याचं झाकण लावलं. "ह्यातलं लावू नका तिला. हे जनावराचं हाय. महिन्यानं या."

त्या महिन्यात ते पायरीवर कसे बसायचे ते मी रस्त्याने येता-जाता बघितलं. हात उन्हात धरायचा खेळ त्यांचा आधीपासूनचा होता, गाईंच्या मलमासाठी. पण आता पट्टे वाढले होते. कोपराच्या खळगीतही पांढरा ठिपका असायचा. लोक म्हणायचे, ह्याला उन्हाळा चढला.

महिन्याने मी आणि सुजाता गेलो. त्यांनी हात पुसला आणि आमच्यापुढे धरला.

"ह्या पट्ट्यावर मलम जाड लावलं. ह्याच्यावर तेच, पण पातळ चोळून. ह्याच्यावर बाजारातली तोंडाला लावायची पावडर. हा उघडा ठेवला. सांगा बाई, कुठला उजळ ऱ्हायला?"

मी बोट केलं.

"बोला की."

मी परत त्याच पट्ट्याकडे बोट केलं. सुजाता म्हणाली, "जाड लावलेला. पावडरीचा आन उघडा सारखाच हाय. पातळाचा मधलाच."

"ही शाळेत जायला पाहिजे," ते म्हणाले. जणू तेवढ्याने ठरलं.

कोपराच्या खळगीतली कातडी सगळ्यात नाजूक, तिथे महिनाभर खाज आली नाही की पुरळ आलं नाही, हेही त्यांनी दाखवलं. पण मग स्वतःच म्हणाले, "तरी माझं कातडं काळं आन जाड. पोरीचं येगळं. माझ्या हातावरनं तिचं सगळं कळणार न्हाई. आधी कानामागं इवलंसं लावू. आठ दिवस बघू. मग गाल."

सरकारी डब्याला त्यांनी तिच्यासाठी कधी हात लावला नाही. नगरला गेले की औषधाच्या दुकानातून जस्ताच्या पुडीचा बंद डबा आणायचे. त्यावरची दोन इंग्रजी अक्षरं त्यांनी मला दाखवली. मला वाचता येत नव्हती, पण एक सरळ काठी आणि एक वर पोट असलेली काठी, एवढं मी लक्षात ठेवलं. "ही दोन असली म्हणजे पूड औषधाची. न्हाईतर घ्यायची न्हाई, मग ती किती का पांढरी दिसंना."

मलम करताना तोंडाला ओला फडका बांधायचे आणि सुजाताला दाराबाहेर बसवायचे. पूड उडते आणि श्वासात जाते म्हणून. "कातड्यावर चालती, छातीत न्हाई." फरशीच्या गुळगुळीत तुकड्यावर व्हॅसलीन घ्यायचे, काट्यावर तोललेली पूड थोडी थोडी टाकायचे आणि बोथट सुरीने घोटत बसायचे. एक गुठळी राहिली तरी परत पहिल्यापासून. मी कधी उभ्याउभ्याच म्हणायचे, झालं की भाऊ. ते म्हणायचे, "गुठळीच्या शेजारी उघडं ऱ्हातं. ऊन तेवढंच शोधतं."

सुजाताला त्यांनी सावलीचा नियम शिकवला. उभं राहायचं आणि आपली सावली बघायची. ती आपल्यापेक्षा लांब असली तर चालायला हरकत नाही, आखूड झाली की आडोसा बघायचा. ती अंगणात उभी राहून सावलीत पाय टाकून मोजायची. आभाळ आलेलं असलं तर सावली दिसत नाही, मग काय, असं तिने विचारलं. त्यांनी आभाळाकडे बघितलं. मग म्हणाले, "आभाळातनंबी भाजतं. सावली न्हाई दिसली तर आखूड हाय असं समज."

माणूस एवढं शिकवायचा, पण गोड कधी बोलला नाही. वैशाखात वस्तीवर एक लग्न होतं. मला लाज वाटली. पाहुणे येणार, आणि आपली पोर पांढऱ्या मातीने सारवलेल्या भिंतीसारखी बसणार. मी मलमात खोबरेल घातलं आणि चोळून चोळून जिरवलं, पांढरं दिसेनासं होईपर्यंत. मांडवातून येईतो तिचे गाल लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी ते बघून त्यांनी फक्त एवढं म्हटलं, "लाज तुमाला वाटती, भाजतं तिला."

मी तीन दिवस त्या रस्त्याने गेले नाही.

जूनमध्ये सुजाता पाचवीच्या शाळेत जायला लागली. लांब बाह्यांचं झंपर, डोक्याला रुमाल, हातात छत्री, आणि नाक, गाल, कान, हातांच्या पाठी पांढऱ्या. वस्तीतल्या दोन मुली तिच्याबरोबर असायच्या. पहिल्याच दिवशी त्या गावच्या पोरांनी तिला अडवलं. चुना लावलाय का गं म्हातारे, असं म्हणाले. त्या मुलींनी मला येऊन सांगितलं, सुजाता काय म्हणाली ते. म्हणाली, "गाईचं औषध हाय. लावलं की लाथ मारता येती." मी हे कंपाउंडरांना सांगितलं. तेव्हा मी त्यांना एकदाच हसताना पाहिलं, तेही तोंड भिंतीकडे करून.

पुढे दोन-तीन वर्षांनी त्यांची बदली आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात झाली. जाताना कुणाला भेटले नाहीत. खोड्यात म्हैस उभी होती, तिची पट्टी बांधून झाली, तिला "येतो मावशी" म्हणाले आणि एस.टी.त बसले, असं म्हशीच्या मालकाने सांगितलं. पुन्हा त्यांची काही खबर आली नाही. तोपर्यंत मला मलम घोटता यायला लागलं होतं. सुजाताच्या सातवीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर हे लिहिते आहे. त्यांच्याबद्दल बाकी काही राहिलं तरी चालेल, पण त्या पाचवीच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास झालं ते लिहायला हवं. त्यात चूक माझी होती.

पावसाळ्यात डबा लवकर संपला. रोजचं अडीच मैल जाणं-येणं, घामाने आणि पावसाने मलम निघून जायचं, म्हणून दोनदा-तीनदा लावावं लागे. तळ दिसायला लागला तेव्हा मी दवाखान्याकडे गेले. पोळा जवळ आला होता, खोड्याभोवती बैल घेऊन पुरुषमाणसांची गर्दी होती. मी फाटकाशी उभी राहिले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी परत गेले, तेव्हाही तेच. डबा संपला एवढं फाटकातून ओरडून सांगितलं असतं तरी झालं असतं. त्यांनी ऐकलं असतं. मला ते जमलं नाही. आणि घरी नवऱ्याला मी म्हणाले, कंपाउंडर कामात आहेत.

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. तो घोडेगावच्या बाजाराला चालला होता, कुणाचे तरी बैल घेऊन. तिथे पोळ्याचं दुकान लागलं होतं, गोंडे, झुली, शिंगांना लावायचे रंग. त्याने विचारलं, जस्ताची पांढरी पूड आहे का. दुकानदार म्हणाला, शिंगाचा पांढरा म्हणजे तीच की. नवऱ्याने वर्तमानपत्रात बांधून पुडी आणली. त्याचा चेहरा आनंदी होता. पोरीसाठी आपणही काही केलं, असं त्याला वाटत होतं.

पुडी सुटी होती. डबा नव्हता, त्यावर काठी नव्हती, पोटाची काठी नव्हती. मी पुडी हातात घेऊन उभी राहिले. मला कळत होतं. पण सकाळी शाळा होती, आणि नाही म्हणायचं तर दवाखान्यात जाऊन बोलायला हवं होतं. मी ती पूड खोबरेलात कालवली.

ते तिच्या अंगावर टिकलं नाही. घामाबरोबर ओघळायचं, डोळ्यांत जायचं. रोज ती डोळे चोळत यायची. आठव्या दिवशी नाकावर आणि कानांवर फोड आले, पूर्वीपेक्षा मोठे. दोन दिवसांनी तिच्या वहीत मोठ्या गुरुजींची चिठ्ठी आली. मुलीला उन्हाचा त्रास होत आहे, शाळेला ही जबाबदारी घेता येणार नाही, तूर्त घरी ठेवावे. मी चिठ्ठी मोठ्याने वाचली. पोळ्यासाठी आमच्याकडे आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मी आधीच म्हणत हुते. ही उन्हाची पोर न्हाई. बसू द्या चुलीपाशी." नवरा पुडी आणल्यामुळे आधीच खाली मान घालून बसला होता. म्हणाला, "नाव काढून घेऊ. पोर भाजून शाळा कशाला?"

सुजाता उठली. तिने दप्तर खुंटीवरून काढलं आणि पेटीत ठेवलं.

त्या दिवशी मी दवाखान्यात गेले. गर्दी होती. मी फाटकातून आत गेले आणि उरलेली पुडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उघडली, चिमटीत घेतली, चोळली.

"हे कुठलं?"

"शिंगाचा रंग हाय," मी म्हणाले.

"तोंडाला लावला?"

"व्हय. आठ दिवस."

सगळे ऐकत होते. ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते खाली बसले. पुडी परत बांधून ठेवली. मग म्हणाले, "पूड पांढरी असती एवढंच सगळ्यांना दिसलं. ती दोन अक्षरं तुमच्या मालकालाबी दाखवायला पायजे हुती मी." आणि मग माझ्याकडे न बघता, "डबा रिकामा झाला तर सांगायचं. एवढंच काम हुतं तुमचं."

दुसऱ्या दिवशी रजा काढून ते आम्हाला नगरला घेऊन गेले. एस.टी.त चढल्यावर आधी खिडक्या बघितल्या आणि म्हणाले, उजवीकडं बसा, डाव्या बाजूला ऊन येणार.

कातडीच्या डॉक्टर बाई होत्या, वयाने लहान. त्यांनी आत बोलावलं आणि पहिल्यांदा कंपाउंडरांचाच हात धरला.

"हे कधीपासून आहे तुम्हाला?"

"मला काय न्हाई झालं. पेशंट ती हाय."

"मग हे पट्टे?"

तेव्हा त्यांनी शाळेतल्या मुलासारखं उभं राहून सगळं सांगितलं. जाड, पातळ, पावडर, उघडा, आणि शेवटी शिंगाचा रंग. बाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग सुजाताला तपासलं, तिचे डोळे, कान, हिरड्याही बघितल्या.

त्या म्हणाल्या, "जस्ताचं मलम बरोबर होतं. ते कातडीवरच राहतं, धड कातडीतून आत जात नाही. बाळांच्या पुरळालाही आम्ही तेच देतो. मोठ्या शहरात उन्हासाठी ट्यूब मिळते तिच्यातही पुष्कळदा हेच असतं, फक्त फार बारीक केलेलं, म्हणून कमी पांढरं दिसतं. पण रंगाच्या पुडीत काय काय असेल ते सांगता येत नाही. शिसंसुद्धा असू शकतं. हाताला लागून तोंडात गेलं तर वाईट. आता काही दिसत नाही, पण पोट दुखलं, जेवण कमी झालं तर लगेच आणा."

"आन माझ्या मलमानं ऊन किती अडतं?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न ते किती दिवस मनात घेऊन होते, ते त्यांच्या आवाजावरून कळलं.

"ते कुणी मोजलेलं नाही. अडतं हे खरं. पण त्याच्या भरवशावर उन्हात उभं करू नका. माणूस मलम लावतो आणि मग निवांत उन्हात थांबतो, तिथेच चुकतं. आधी सावली, मग कपडा, मग मलम."

कंपाउंडरांनी ते पुटपुटून म्हटलं. आधी सावली, मग कपडा, मग मलम. बाहेर आल्यावर बाकावर बसले आणि म्हणाले, "माझं उलटं चाललं हुतं. मी मलमापासनं मोजत हुतो."

बाईंनी शाळेसाठी चिठ्ठी दिली होती. सावलीत उभं करावं, मलम लावू द्यावं, आणि असं केल्यास शाळेत येण्यास हरकत नाही. शाळेत प्रार्थना मैदानावर व्हायची, अकरा वाजता, आणि मग सूचना. वीस-पंचवीस मिनिटं पोरं उन्हात उभी. ते सुजाताने डॉक्टर बाईंना सांगितलं होतं.

परत येताना मी एस.टी.त त्यांना म्हणाले, "भाऊ, तुमी येता का शाळेत? तुमी सांगितलं म्हंजी गुरुजी ऐकतील."

"मी जनावरांचा माणूस. पोरीची आई तुमी."

"मला बोलता येत न्हाई."

"म्हणून तर रंग लागला तिला," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

हे शब्द मला फार लागले. रात्रीपर्यंत मी त्यांच्यावर मनातल्या मनात रागावत होते. आज वाटतं, माझ्याशी कुणी तेव्हापर्यंत इतकं सरळ बोललंच नव्हतं. सगळे मला सांभाळून घ्यायचे. मी गप्प बसते म्हणजे गरीब आहे, असं म्हणायचे.

फोड बरे झाल्यावर मी शाळेत गेले. एकटी. सुजाताला घरीच ठेवली. मोठे गुरुजी खुर्चीत बसले होते. मी दारातच उभी राहिले आणि चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "प्रार्थनेला ओसरीत उभी राहील. पण बाई, ते मलम जरा कमी लावत जा. बाकीची मुलं हसतात, वर्गाचं लक्ष राहत नाही."

मला हो म्हणून निघायचं होतं. माझे पाय निघालेही होते.

"हसू द्या गुरुजी," मी म्हणाले. "कमी लावलं तर ती भाजल. भाजली तर घरी बसल. मला तिला घरी बसवायची न्हाई."

गुरुजींनी वर बघितलं. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी चिठ्ठीची घडी केली आणि हजेरीच्या वहीत ठेवली. "बरं," म्हणाले. "उद्यापासून पाठवा."

तिथून मी घरी न जाता सरळ दवाखान्यात गेले. खोड्यात गाय होती, आणि त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत होता. वासरू आडवं होतं. दोन माणसं शेपूट आणि शिंगं धरून उभी होती. मी त्या दोघांदेखत सगळं सांगितलं, गुरुजी काय म्हणाले, मी काय म्हणाले. ते डोळे मिटून आतलं चाचपत होते, ऐकताहेत की नाही कळत नव्हतं.

"मधल्या सुट्टीचं काय?" त्यांनी विचारलं.

"मधल्या सुट्टीचं?"

"पोरं डबा कुठं खात्यात? वर्गात का भायेर?"

मला माहीत नव्हतं. घरी येऊन सुजाताला विचारलं. ती दप्तर पेटीतून काढत होती. म्हणाली, "मधल्या सुट्टीत वर्गाला कुलूप लावत्यात. पोरं खडू चोरत्यात म्हणून. आमी मैदानातच बसतो."

"मग हे सांगितलं का न्हाईस?"

"तू कुठं विचारलंस."

दुसऱ्या दिवशी सुजाता सकाळी पुढे गेली. दुपारी मी निघाले. चिठ्ठी नव्हती, डॉक्टर बाईंचं नाव सांगायला नव्हतं, बरोबर कुणी नव्हतं. मी फाटकापाशी पोचले तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरं डबे घेऊन मैदानात पळाली. सुजाता सगळ्यांच्या शेवटी, पांढरं तोंड घेऊन, आडोसा शोधत बाहेर येत होती. तिच्यामागे वर्गाचे गुरुजी दार ओढून कुलूप घालत होते. अजून बरंच अंतर होतं. मी फाटकातूनच मोठ्याने गुरुजींना हाक मारली.